आजीच्या खोलीतली भेग आणि आमची चार घरं

पांढुर्ण्याच्या आमच्या जुन्या घरात आजीच्या खोलीच्या कोपऱ्यात एक भेग होती. एप्रिल-मे आला की ती रुंद व्हायची आणि पावसाळा लागला की मिटायची. दर दिवाळीला बाबा तिच्यात सिमेंट भरायचे, पण पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा हजर. मिस्त्री कच्चा होता, असं आम्ही भावंडं समजत होतो. खरं कारण कळलं ते आम्ही स्वतः घर बांधायला निघालो तेव्हा.

घरामागचा प्लॉट चार भावंडांच्या वाट्याला आला. चार तुकडे करून चार बंगले उभे करण्याइतकी जागा नव्हती. मग ठरलं, एकमेकांना लागून चार दुमजली घरं बांधायची. पुण्याकडे त्याला रो-हाउस म्हणतात, आपल्याकडे सगळे डुप्लेक्स म्हणतात. फॅमिली ग्रुपवर लगेच फोटो पडू लागले. काचेचं रेलिंग, दगडी क्लॅडिंग, इटालियन टाइल्स. मोठ्या बाबांनी सगळे फोटो पाहिले आणि एकच विचारलं, "खाली काय आहे ते पाहिलं का?"

आधी माती, मग बाकी सगळं

आपला हा भाग बेसाल्ट खडकाचा. तो झिजून वर काळी माती झाली आहे आणि तिच्या खाली मुरूम असतो. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि सुकले की आकसतात. उन्हाळ्यात वावरात काठी जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. वावरात जे होतं तेच घराखालीही होतं. आजीच्या खोलीचा पाया काळ्या मातीतच थांबला होता, त्यामुळे माती हलली की भिंतही हलायची.

सौंसरकडची जमीन आणखी वेगळी. तिथल्या संगमरवर आणि मँगनीज असलेल्या प्राचीन खडकांना भूशास्त्रज्ञ 'सौंसर समूह' म्हणतात. आपल्या तालुक्याचं नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं! पण बांधणाऱ्याने यातून घ्यायचा धडा साधा आहे. सौंसरच्या पाहुण्यांनी केलेला पाया पांढुर्ण्याला जसाच्या तसा चालेलच असं नाही.

मातीची एक स्वस्त चाचणी आहे. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका मापाच्या नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींची उंची पाहिली की पाण्यातली माती किती टक्के जास्त फुगली ते कळतं. हा आकडा ५० टक्क्यांच्या वर गेला तर सावध व्हायचं.

आम्ही प्लॉटच्या दोन्ही टोकांना खड्डे घेतले. एका टोकाला साडेचार फुटांवर मुरूम लागला. दुसऱ्या टोकाला आठ फूट खणलं तरी काळीच माती.

"मी जास्त पैसे का देऊ?"

इथेच आमचं भांडण झालं. मुरमाच्या टोकाचं घर माझ्या चुलतभावाचं. तो म्हणाला, "माझ्याकडे साध्या पायाने भागतं. मी जास्त पैसे का देऊ?" हिशेबाने त्याचं चुकत नव्हतं. पण चारही घरांच्या भिंती जोडलेल्या. एक घर स्थिर राहिलं आणि शेजारचं हललं, तर भेग मधल्या भिंतीत पडणार. ती भिंत दोघांची.

इंजिनिअरने दोन मार्ग सांगितले. एक तर मध्ये फट ठेवून दोन वेगळ्या भिंती घ्या, म्हणजे दोन-दोन घरांचे गट आपापले हलू शकतील. नाहीतर चारही घरांचा पाया एकाच पद्धतीने खोल न्या. काळ्या मातीसाठी 'अंडररीम्ड पाइल' ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५०च्या दशकात विकसित केली. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल भोक पाडतात आणि तळाशी ते कांद्यासारखं फुगीर करतात. हा फुगवटा वरच्या दांड्याच्या साधारण अडीचपट रुंद असतो. त्यात सळाखी आणि काँक्रीट भरतात. तेवढ्या खोलीवर ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही, म्हणून खांब जागचा हलत नाही. वरचे प्लिंथ बीम मातीला न टेकवता खाली थोडी पोकळी ठेवतात, म्हणजे फुगलेली माती बीमला वर ढकलत नाही.

दोन रात्री चर्चा चालली. शेवटी मोठे बाबा म्हणाले, "भिंत दोघांची, तर पाया एकट्याचा कसा?" चुलतभावाने मान डोलावली. पायाचा खर्च चौघांत सारखा वाटला. त्यासाठी काचेचं रेलिंग आणि दगडी क्लॅडिंग गेलं.

वीट कोणती?

आपल्याकडे तीन पर्याय सहज मिळतात. भट्टीची लाल वीट, राखेची म्हणजे फ्लाय ॲश वीट आणि हलके एएसी ब्लॉक.

लाल वीट ओळखीची, पण ती शेतातल्या वरच्या मातीतून होते. संत्र्याच्या बागा ज्या मातीवर उभ्या आहेत तीच माती भट्टीत जाणार. राखेची वीट औष्णिक वीज केंद्रांच्या राखेतून होते. नागपूरकडे कोराडी-खापरखेडा आणि बैतूलकडे सारणी अशी केंद्रं जवळ आहेत. एएसी ब्लॉक वजनाने साध्या विटेच्या साधारण तिसरा हिस्सा आणि उष्णता अडवायला उत्तम.

मग एएसीच का नाही? आमचाही तोच प्रश्न होता. इंजिनिअरने सांगितलं की काळ्या मातीवर हलकं घर म्हणजे सुरक्षित घर नव्हे. उलट फुगणारी माती हलक्या बांधकामाला सहज उचलते. पाया पक्का असेल तर ब्लॉक चालतात, पण जोडभिंतीतून शेजारचा आवाज अडवायला जड भिंत बरी. आम्ही सगळीकडे राखेची वीट घेतली. बाहेरच्या आणि सामाईक भिंती नऊ इंची ठेवल्या.

विटेची परीक्षा घरीच करता येते. कमरेच्या उंचीवरून टाकली तर फुटू नये. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. कोरडी वीट वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा वजन करा. नेहमीच्या विटेचं वजन २० टक्क्यांहून जास्त वाढायला नको.

रेती, सिमेंट, लोखंड

कन्हानच्या रेतीचं नाव मोठं असलं तरी ट्रॉलीत काय आलं ते बघावंच. काचेच्या बरणीत अर्धी रेती आणि वर पाणी घालून हलवा, काही तास ठेवा. वर बसलेला गाळ रेतीच्या थराच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर ती रेती परत पाठवा.

घरासाठी पीपीसी सिमेंट पुरेसं होतं. त्याला पाणी मात्र किमान १० दिवस मारावं लागतं आणि आपल्या कोरड्या उन्हात १४ दिवस. काँक्रीट पातळ करायला मिस्त्रीला भरपूर पाणी आवडतं. एम-२० काँक्रीटमध्ये ५० किलोच्या एका बॅगला साडेसत्तावीस लिटरच्या वर पाणी गेलं की मजबुती गेली.

सळाख मोजायला एक सूत्र लक्षात ठेवा. जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, १६२ने भागा. उत्तर म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ मिलिमीटरची सळाख मीटरला साधारण ८९० ग्रॅम भरली पाहिजे. बारावीतल्या पुतणीने वजनकाटा घेऊन हे काम केलं. दुकानदाराने तिला आधी हसून पाहिलं, नंतर खुर्ची दिली.

छतावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या टाइलचे तुकडे लावले. कवेलूच्या घराचा गारवा त्यात नाही, पण वरच्या मजल्यावर दुपारी बसता येतं.

तयार घर घेत असाल तर

गावी राहणाऱ्या आई-बाबांसाठी तुमच्यापैकी अनेक जण असं तयार डुप्लेक्स घेतील. २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातला दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिला, तर बिल्डरने तो मोफत दुरुस्त करायचा असतो. पण जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंत असतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची नाही. आपल्या गावांतले बरेच छोटे प्रकल्प याच मापात बसतात. म्हणून पायाचा प्रकार, वीट, सिमेंट, सळाख आणि दुरुस्तीची मुदत हे सगळं करारनाम्यातच लिहून घ्या. माती परीक्षणाचा अहवाल मागा. तो नसेल तर टाइल्स कितीही चमकत असोत, थोडं थांबा.

ताबा मिळाल्यावरही एक काम उरतं. घराभोवती पाणी साचू देऊ नका, भिंतीलगत फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा आणि मोठं झाड भिंतीला खेटून लावू नका. एकाच जागी ओलं आणि दुसरीकडे कोरडं झालं की काळी माती पुन्हा आपला खेळ सुरू करते.

आमच्या घरांचा पहिला उन्हाळा आता होऊन गेला. मे महिन्यात चुलतभाऊ टॉर्च घेऊन सामाईक भिंत वरपासून खालपर्यंत पाहत होता. मी विचारलं, "काय शोधतो दादा?" तो म्हणाला, "आजीची भेग." ती काही सापडली नाही. मग आम्ही दोघं छतावर जाऊन चहा प्यालो.