मुक्या सोयऱ्यांचा कैवारी

परळचे ‘बैलघोड्याचे हॉस्पिटल’ ठाऊक नसलेला जुना मुंबईकर विरळाच. त्याचे खरे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. पण लोकांनी ते दात्यांपेक्षा रुग्णांच्याच नावाने ओळखले. प्राण्यांच्या छळाला आळा घालणारी जी संस्था ते चालवते, ती मुंबईत १८७४ साली निघाली. तिची थोरली बहीण तिच्या आधी पन्नास वर्षे लंडनमध्ये जन्मली होती, आणि त्या जन्माच्या कळा सोसल्या होत्या एका धर्मोपदेशकाने. त्यांचे नाव आर्थर ब्रूम.

त्या काळचे लंडन घोड्यांच्या पाठीवर चालत असे. स्मिथफिल्डच्या गुरांच्या बाजारात मैलोन् मैल चालवून आणलेली जनावरे दंडुक्याने हाकली जात. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. देवाने मानवाला सृष्टीवर सत्ता दिली, असे बायबलच्या पहिल्याच अध्यायात आहे ना? मग मालकाने आपल्या मालाचे काहीही करावे!

ब्रूम यांनी तोच ग्रंथ पुढे वाचला होता. पुढच्याच अध्यायात मातीपासून घडवलेला माणूस भेटतो, आणि प्राणीही त्याच मातीचे. म्हणजे नाते मालक आणि मालाचे नव्हे, एका मातीच्या लेकरांचे! जलप्रलयानंतर देव करार करतो तो एकट्या नोहाशी नाही, तारवातून उतरलेल्या प्रत्येक जिवाशी. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, अशी मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे. खळ्यावर ज्याने घाम गाळला, त्याचा त्या धान्यावर घासभर तरी हक्क आहे, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको. हम्फ्री प्रायमॅट या धर्मोपदेशकाने १७७६ साली एक ग्रंथ लिहून हाच विचार मांडला होता. वेदना माणसाची असो की जनावराची, ती वेदनाच, हे त्याचे सार. विस्मरणात गेलेले ते पुस्तक ब्रूम यांनी १८२२ साली पुन्हा छापले.

त्याच वर्षी रिचर्ड मार्टिन या आयरिश खासदाराच्या प्रयत्नाने गुराढोरांचा छळ हा ब्रिटनमध्ये गुन्हा ठरला. पण कायदा कागदावर राहिला तर बैलाला त्याचा काय उपयोग? १६ जून १८२४ रोजी लंडनच्या एका कॉफीगृहात ब्रूम यांनी मोजकी माणसे जमवली. मार्टिन होते, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले विल्बरफोर्स होते. संस्था स्थापन झाली. ब्रूम यांनी चर्चमधली नोकरी सोडली, पदरच्या पैशाने बाजारावर नजर ठेवायला माणसे नेमली, खटले गुदरले. वर्गणी मात्र बेताचीच येई. १८२६ साली संस्थेच्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगात जावे लागले! मित्रांनी पैसे उभे करून त्यांना सोडवले.

त्या मित्रांत लुईस गॉम्पर्ट्झ हे ज्यू गृहस्थ होते. ते मांस खात नसत. घोड्याला कष्ट नकोत म्हणून गाडीत बसत नसत. ब्रूम यांच्यानंतर बुडती संस्था त्यांनी तारली. पण पुढे संस्थेतल्या मंडळींनी ठरवले, की आपले कार्य केवळ ख्रिस्ती तत्त्वांवर चालावे. गॉम्पर्ट्झ बाहेर पडले. बैलाशी नाते जोडायला निघालेल्यांना शेजारी बसलेला माणूस परका वाटला. भूतदयेच्या इतिहासातले हे पान दुमडून ठेवण्यासारखे नाही. नात्याचे वर्तुळ एका बाजूने वाढवताना दुसऱ्या बाजूने आखडण्याचा मोह धर्मनिष्ठांनाही सुटत नाही.

१८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने संस्थेला ‘रॉयल’ हे बिरुद दिले. ते पाहायला ब्रूम नव्हते. १८३७ सालीच ते गेले होते, जवळजवळ विस्मृतीत. पण वर्तुळ पुन्हा रुंदावले. मुंबईत दिनशा माणेकजी पेटिट या पारशी दानशूराने पत्नीच्या नावे १८८० च्या दशकात परळचे रुग्णालय उभारले. एका पाद्र्याने सुरू केलेले, एका ज्यू माणसाने सावरलेले काम इथे एका पारशाच्या हातून पुढे गेले. बैलाने किंवा घोड्याने यांतल्या कोणालाच धर्म विचारला नाही.

आज रविवार. चहाचा दुसरा कप घेत आपण निवांत बसलो असू. आठवड्यातून एक दिवस विसाव्याची आज्ञा ज्या ग्रंथाने दिली, त्याने त्या विसाव्याच्या यादीत मुलाबाळांबरोबर नोकरचाकर, दारी आलेला परका माणूस, बैल आणि गाढवही घातले आहेत. घरच्या माणसांच्या यादीत जनावर बसवणारा तो नियम किती जुना! तो पाळायला तुरुंगात जाण्याची गरज नाही. उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या मुक्या जिवासमोर पाण्याची बादली ठेवली, तरी सुरुवात होते.