आधी छप्पर, मग घर

२० सप्टेंबर २०१७ला 'मारिया' चक्रीवादळ पोर्तो रिको या अमेरिकी बेटावर धडकलं आणि हजारो घरांची छपरं उडाली. अशा वेळी अमेरिकी लष्कराचं अभियंता दल 'ब्लू रूफ' मोहीम हाती घेतं. चिवट निळं प्लॅस्टिक लाकडी पट्ट्यांनी छपरावर ठोकून बसवायचं, तेही मोफत. मात्र निम्म्याहून अधिक सांगाडा शाबूत हवा आणि घरमालकाची लेखी परवानगी हवी. बेटावर अशी जवळपास ६० हजार छपरं बसली, पण २०१८ उजाडलं तरी काम चालूच होतं. पावसात भिजणाऱ्या कुटुंबांसाठी हा उशीर अक्षम्यच.

उशिरामागे कारणं होती. बेटावर ट्रकने सामान नेता येत नाही. खिळ्यापासून जनरेटरपर्यंत सगळं बोटीने किंवा विमानानेच. त्यात दोन आठवडे आधी 'इर्मा' चक्रीवादळ येऊन गेलेलं, सरकारी गोदामातला बराचसा साठा तेव्हाच वाटला गेला होता. 'कॅटरिना' चक्रीवादळानंतर २००६च्या कायद्याने सरकारवर आपत्तीपूर्वीच पुरवठ्याचे करार करून ठेवण्याचं बंधन घातलं होतं. तरीही ताडपत्र्यांचा एक मोठा करार 'मारिया'नंतर घाईघाईने एका नवख्या कंपनीला दिला गेला. त्यातली एकही ताडपत्री बेटावर पोहोचली नाही.