दहा मिनिटांत ओसरलेला झटका
मेंदू आणि रक्तवाहिन्या : भाग ६

गेल्या भागात रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा एखादा भाग कायमचा कसा निकामी होतो, ते पाहिलं. आज विषय आहे आपणहून निघून जाणाऱ्या झटक्याचा. उजवा हात पाच-दहा मिनिटं लुळा पडतो, कप हातातून सुटतो, बोलायला जावं तर जीभ वळत नाही. घरातले धावाधाव करतात तोवर सगळं पूर्ववत! मग 'उन्हातून आलात म्हणून झालं', 'पित्त चढलं असेल' अशी कारणं निघतात आणि डॉक्टरांकडे जाणं सोमवारवर ढकललं जातं. या झटक्याला डॉक्टर टीआयए म्हणतात. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला आणि पुन्हा सुरू झाला, असा त्याचा अर्थ.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण माणूस नुसता बसलेला असताना शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं, त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. साठा मात्र तो जवळजवळ काहीच ठेवत नाही. म्हणून रक्त थांबलं की काही सेकंदांतच पेशींचं काम थांबतं. काम थांबणं आणि पेशी मरणं यांत मात्र थोडा अवधी असतो. गुठळी लहान असली, ती विरघळली किंवा फुटून पुढे वाहून गेली, तर त्या अवधीत पेशी पुन्हा कामाला लागतात आणि हात उचलला जातो.

गुठळी गेली, तरी ती तयार करणारा कारखाना जागेवरच असतो. कुणाच्या मानेतल्या कॅरोटिड धमनीत चरबीचा थर साचून खडबडीत झालेला असतो, कुणाचं हृदय अनियमित धडधडत असतं, तर कुणाची कवटीच्या आतली धमनीच अरुंद झालेली असते. पुढची गुठळी मोठी निघाली, तर ती आपणहून जाईलच असं नाही.

मानेतली धमनी आणि हा झटका यांचा संबंध नीट उलगडला तो सी. मिलर फिशर या कॅनेडियन न्यूरॉलॉजिस्टने. माँट्रियलमध्ये काम करताना त्याच्या पाहण्यात असे रुग्ण आले, ज्यांना अर्धांगवायूच्या आधी काही काळ एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं. कोड्याची गोष्ट ही, की डावं अंग लुळं पडलं होतं आणि अंधारी आली होती ती उजव्या डोळ्यापुढे. रुग्णाचाच काही घोटाळा होत असेल, असं कुणालाही वाटलं असतं. फिशरने रुग्णावर विश्वास ठेवला. डावं अंग चालवतो मेंदूचा उजवा भाग; आणि त्या भागाला व उजव्या डोळ्याच्या पडद्याला रक्त जातं ते उजव्या बाजूच्या एकाच कॅरोटिड धमनीतून. म्हणजे दोष मानेत असला पाहिजे. त्या काळी शवविच्छेदनात मेंदू तपासला जाई, मानेतल्या धमन्या सहसा कुणी उघडून पाहत नसे. फिशरने त्या पाहिल्या आणि १९५१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही अडचण पुढे शस्त्रक्रियेने दूर करता येईल, अशी अटकळही त्याने बांधली होती. १९५९ मधल्या एका लेखात तर, रुग्णाला अंधारी आलेली असतानाच त्याच्या डोळ्यात डोकावून, पडद्यावरच्या बारीक धमन्यांतून पांढरट कण पुढे सरकताना आपण कसे पाहिले, हे त्याने नोंदवून ठेवलं.

शस्त्रक्रियेला फार वाट पाहावी लागली नाही. १९५३ मध्ये ह्यूस्टनला मायकेल डीबेकीने कॅरोटिड धमनी उघडून आतला थर काढला. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा क्षणिक झटक्यांनी त्रस्त असलेल्या एका स्त्रीवरच्या यशस्वी शस्त्रक्रियेचा अहवाल छापला. ती नेमकी कुणाला उपयोगी पडते, याचा भक्कम पुरावा मात्र १९९१ मध्ये मिळाला. उत्तर अमेरिकेतल्या एका चाचणीत, नुकताच झटका येऊन गेलेल्या आणि कॅरोटिड ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेल्या रुग्णांचे दोन गट होते. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या गटात २ वर्षांत २६ टक्के जणांना त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं.

आपल्याकडे आणि एकूणच आशियात, पाश्चात्त्य देशांच्या मानाने कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. तिथे स्टेंट घालून टाकावा असं अनेक नातेवाइकांना वाटतं. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत स्टेंटपेक्षा काटेकोर औषधोपचारच सरस ठरले. लहानपणी सांधेताप येऊन हृदयाची झडप बिघडलेली असेल, तर तरुण वयातही हृदयातून गुठळी सुटू शकते. त्यामुळे झटका एकसारखा दिसला, तरी प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

आता घाईचं कारण. कॅलिफोर्नियातल्या १७०७ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. टीआयएनंतरच्या ९० दिवसांत त्यांतल्या १० टक्क्यांहून थोड्या अधिक जणांना पक्षाघात झाला. आणि त्यांतल्या निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच गाठून गेला. सोमवारपर्यंत थांबणं महागात पडतं ते म्हणूनच. उलट, लगबग केली तर किती फरक पडतो हे ऑक्सफर्डशरमध्ये पीटर रॉथवेल यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं. औषधं तीच, पण तपासणी आणि उपचार ताबडतोब सुरू केले, तेव्हा ९० दिवसांतला पक्षाघाताचा धोका १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आला. नवं औषध न शोधता, निव्वळ वेळ वाचवून मिळालेलं हे यश आहे.

रुग्णालयात पहिल्यांदा रक्तातली साखर तपासतात, कारण साखर उतरली तरी हुबेहूब असाच झटका येऊ शकतो. मग सीटी स्कॅन किंवा एमआरआय. झटका पूर्ण ओसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या एमआरआयमध्ये मेंदूला ताजी इजा दिसते. म्हणजे 'काहीच झालं नाही' हे दर वेळी खरं नसतं. त्याखेरीज मानेतल्या धमन्यांची तपासणी, ईसीजी आणि गरजेप्रमाणे इको. बऱ्याच रुग्णांना ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल सुमारे तीन आठवडे देतात. हृदयाची लय बिघडलेली आढळली, तर मात्र रक्त पातळ ठेवणारी वेगळ्या गटातली औषधं लागतात. शेजाऱ्यांची चिठ्ठी पाहून गोळ्या आणू नयेत, त्या यासाठीच.

घरच्यांनी लक्षणं सुरू झालेली वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवावी. तोंड वाकडं झालं का, दोन्ही हात समोर धरल्यावर एक खाली येतो का, साधं वाक्य नीट म्हणता येतं का, एवढं पाहून १०८ ला फोन करावा. पाणी पाजू नये. गिळण्यावरचा ताबा गेलेला असेल तर ते श्वासनलिकेत जाईल. जिभेखाली रक्तदाबाची गोळी ठेवू नये. दाब एकदम पडला, तर आधीच उपाशी असलेल्या भागाचं उरलंसुरलं रक्तही तुटतं. लक्षणं चालू असताना स्कॅनआधी ॲस्पिरिनही नको, कारण आत रक्तस्राव झालेला असू शकतो. वाटेत सगळं बरं झालं, तरी गाडी माघारी वळवू नये.

नुसती घेरी, क्षणभर शुद्ध हरपणं किंवा हातापायांना रोज येणाऱ्या मुंग्या, ही सहसा टीआयएची लक्षणं नव्हेत. अर्धशिशीत चमचमत्या नागमोडी रेघा हळूहळू नजरेवर पसरतात. टीआयएत शक्ती, दृष्टी किंवा वाचा एकाएकी जाते.

या आठवड्यात घरातल्या साठीपुढच्या माणसांना आवर्जून विचारा, असं कधी झालं होतं का? पुष्कळदा ते आपणहून सांगत नाहीत. मुलांना उगाच घोर नको म्हणून, किंवा बरं झालं त्याचं काय सांगायचं म्हणून. उत्तर 'हो' आलं आणि घटना गेल्या काही दिवसांतली असली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जुनी असली तरी तपासणी टाळू नका.

पुढील भागात : हृदयाची बिघडलेली लय आणि पक्षाघात.