कॅम, टॅपेट आणि तेल

क्रांती चौकात महाराजांच्या पुतळ्याजवळ उभे राहा. सिग्नल सुटला की बुलेट गाड्यांचा आवाज घुमतो. माझ्या पुतण्याकडेही जुनी बुलेट आहे. गाडीचा जोर वाढावा म्हणून त्याने मागल्या वर्षी नवा कॅम बसवून घेतला. महिन्याभरात इंजिन टकटक वाजू लागले. उघडून पाहिले, तर नवा कोरा कॅम घासून गेलेला! असे का झाले?

बघा, इंजिनालाही श्वास लागतो. एका झडपेतून हवा आणि पेट्रोल आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. झडपा वेळेवर उघडतो तो कॅम. त्याचा आकार अंड्यासारखा. फिरता फिरता त्याचे टोक वर आले की वरचा टॅपेट उचलला जातो. टॅपेट दांडीला ढकलतो आणि झडप उघडते. इंजिनाचे मिनिटाला चार हजार फेरे झाले, तर कॅमचे दोन हजार होतात. टोक उंच असेल तर झडप जास्त उघडते, जोर वाढतो. पण कॅमवरचा दाबही वाढतो.

सपाट बुडाचा टॅपेट कॅमला एका बारीक रेघेवर टेकतो. मध्ये केसाहून पातळ तेल, तेवढाच आडोसा. तो तुटला की लोखंडावर लोखंड. बैलगाडीच्या आसाला वंगण नसले तर काय होते, ते तुम्हाला मी काय सांगावे?

पुतण्याने कॅम नवा घेतला, टॅपेट मात्र जुनेच ठेवले. जुना टॅपेट जुन्या कॅमच्या वळणाने झिजलेला असतो. नव्याशी त्याचे जुळत नाही. शिवाय मेकॅनिकने कॅम कोरडाच बसवला. बसवताना त्यावर खास लेप लावायचा असतो. म्हणून कॅम आणि टॅपेट जोडीनेच घ्यावेत.

चाकाचा, म्हणजे रोलर टॅपेटही मिळतो. तो घासत नाही, गडगडतो. महाग पडतो, आणि त्याला कॅमही त्याचाच लागतो. 2009 साली आलेल्या क्लासिक बुलेटमध्ये टॅपेटच्या पोटातच तेल भरते, फट आपोआप जुळते. सोय चांगली, पण तेल घाण झाले की तोही वाजतो.

वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना आहे, ठाऊकच असेल. बजाजच्या पल्सरचा कॅम इंजिनाच्या डोक्यावर असतो. तेलाला तिथवर चढावे लागते. म्हणून सकाळी गाडी चालू करताच कान पिळू नये.

तेलही बघून घ्यावे. सपाट टॅपेटला जस्त आणि फॉस्फरस मिसळलेले तेल मानवते. नव्या मोटारींच्या तेलात ते कमी असते. शिवाय ते बुलेटच्या क्लचलाही सोसेल असे नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच घालावे.

पुतण्याचे कॅमचे पैसे दोनदा गेले. आता तो दर रविवारी कांडी काढून तेल बघतो.