कोयता जोडीचा, चुकारा एकाचा



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, तोडणीचा कार्यक्रम यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तो फडाबाहेरचा नाही.

तोडणीचा हिशोब आपण कोयत्यावर करतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो. ती मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या नावावर, आणि हंगामाअखेर हिशोबही त्याच्याशीच. घरात मारहाण होत असेल तर या बाईने जावे कुठे? खोप सोडली तर कोयता मोडतो, उचल अंगावर राहते, आणि बोल तिलाच लागतो. म्हणून मुका मार सोसून ती पहाटे पुन्हा फडात उभी राहते.

आपल्या सालदाराच्या घरी तरी काय निराळे आहे? पाडव्याला साल ठरते गड्याशी; गोठ्यातले शेण मात्र पुष्कळदा त्याची बायको काढते. तिच्या नावाने पैसा नाही.

"त्यांच्या घरचा मामला, आपण कशाला पडा?" असे आपण म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो बायकोपुरता नाही; आई, बहीण, विधवा भावजय यांनाही त्याचा आधार आहे. मजुरी हिसकावून घेणे हासुद्धा त्यात हिंसाचारच धरला आहे. काम देणाऱ्याने त्यातील तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, कलम ४. असा प्रकार होत आहे असे सकारण वाटल्यास कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्भावनेने कळविणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही.

दुसरी, कलम १८. बाईच्या कामाच्या जागी पाऊल ठेवू नये असा मनाई हुकूम न्यायदंडाधिकारी त्या माणसाला देऊ शकतात. कामाची जागा म्हणजे तुमचे शेतही. हुकूम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तिसरी, कलम २०. नवऱ्याच्या पगारातला काही भाग थेट बायकोला द्या किंवा न्यायालयात भरा, असा आदेश मालकाला होऊ शकतो. तो आला तर पाळावा लागतो.

मालकाने रजा द्यावी असे कलम मात्र या कायद्यात नाही. फिलिपाईन्सने २००४ च्या कायद्याने अशा बाईला दहा दिवस पगारी रजा दिली. न्यूझीलंडमध्ये ती २०१९ पासून मिळते. आपण निदान तारखेच्या दिवशी खाडा न धरता कामाची जागा तिच्यासाठी ठेवू शकतो.

म्हणून विनंती अशी. बाईचा चुकारा बाईच्या हातात किंवा तिच्या खात्यावर द्या. ती सांगेल ते चारचौघांत बोलू नका. ती कुठे गेली हे नवऱ्याला किंवा मुकादमाला सांगू नका. उचलीपोटी तिला डांबून कामाला लावणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, हे मुकादमाला बजावा. महिला हेल्पलाईन १८१ व तातडीचा ११२ हे क्रमांक तिला सांगा. उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, हेही सांगा.

मजूर बिथरतील, तोडणी थांबेल, अशी भीती कोणी घालील. तोडलेला ऊस वाळला की वजन घटते, उतारा घटतो. ते नुकसान आपण लगेच मोजतो. मोळी उचलणारा हात सुजलेला आहे, हे बांधावर उभे असताना आपल्याला दिसते. दिसते तर विचारायला हवे.

आपला,
ऊस विकास अधिकारी