सिस्टर कुठून येणार?

डॉक्टर वॉर्डात येतात, पाच मिनिटे थांबतात, कागदावर काही लिहितात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. मग दिवस-रात्र रुग्ण असतो तो सिस्टरच्या हवाली. सलाईन संपत आले का, ताप पुन्हा चढला का, टाके ओले तर नाहीत ना, हे पाहणारी तीच. तरीही घरी निघालेला माणूस डॉक्टरांच्या पाया पडतो आणि सिस्टरच्या हातावर फार तर पेढा ठेवतो.

गेल्या वर्षी माझी मावशी एका सार्वजनिक रुग्णालयात दहा दिवस होती. रात्री चाळीसेक रुग्णांमागे दोन सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी. ‘आले हं’ असा आवाज यायचा; पण येणार तरी किती ठिकाणी? भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका असे आहे. त्या रात्री हे प्रमाण मला परीकथेसारखे वाटले.

रुग्णालयाबाहेर, वस्तीत, गरज याहून मोठी आहे. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईतील दर पाच कुटुंबांपैकी दोन झोपडपट्टीत राहतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने ५० हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य केंद्र आणि १० हजारांमागे एक एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, असा हिशेब मांडला. बाळाची लस, गर्भवतीचा रक्तदाब, क्षयरोग्याची अर्ध्यावर सुटलेली गोळी, सारे तिच्याकडे. तिची जागा रिकामी राहिली तर बातमी होत नाही. एखाद्या घरात लस तेवढी चुकते.

सरकारचे लक्ष नाही असे नाही. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १५७ नवी परिचर्या महाविद्यालये मंजूर केली. त्यांतून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडावेत अशी अपेक्षा आहे. निर्णय चांगलाच. पण इमारत उभी राहिली म्हणून परिचारिका घडत नाही. पुतळ्याच्या हातावर इंजेक्शन तासाभरात जमते. वृद्धाच्या सुकलेल्या हातात शीर शोधायला खरी खाट, खरा रुग्ण आणि पाठीशी उभी असलेली अनुभवी शिक्षिका लागते. शिक्षिका मिळाल्या नाहीत, तर वाढलेल्या जागा कागदावरच वाढतात.

शिवाय शिकलेली मुलगी जाते कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या अहवालानुसार जगात ५९ लाख परिचारिका कमी होत्या. श्रीमंत देश बोलावतात आणि चांगला पगार देतात. तिने का जाऊ नये? तिला दोष देण्यापेक्षा, इथे राहणे तिला परवडेल असे आपण काय केले, हे विचारावे.

मला वाटते, उत्तर वस्तीतच आहे. गोवंडी-मानखुर्दमध्ये बारावी झालेल्या कितीतरी मुली आहेत. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन, बी.एस्सी.चा चार. केईएम, नायर यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत शिकवायला खाटा आहेत, रुग्ण तर आहेतच. तिथल्या जागा वाढवाव्या, वस्तीतल्या मुलींना विद्यावेतन आणि वसतिगृह द्यावे, एएनएमला पुढे शिकायला पगारी रजा द्यावी आणि शिकून आल्यावर कंत्राट नव्हे, कायम नोकरी द्यावी. गल्लीची भाषा जाणणाऱ्या मुलीला दार पटकन उघडले जाते.

हे आपल्याला नवे नाही. १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी विधवा आणि मध्यमवर्गीय स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात धाडले. तेव्हाच्या समाजाने नाके मुरडली. आज नाके मुरडत नाहीत. तरी मुलीने नर्सिंगचा अर्ज आणला की ‘डॉक्टरकीला नंबर नाही का लागला?’ असे विचारणारी घरे आहेतच. मग रात्री दोन वाजता बेल दाबल्यावर धावून यायचे कुणी?