सूर जोडा, पण ताल सांभाळा!

बीम म्हणजे काय, माहीत आहे का?
शीट म्युझिकमध्ये नोट्सच्या दांड्या जोडणारी जाड रेघ म्हणजे बीम. ती शोभेसाठी नाही हं! ठोका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे ती वाजवणाऱ्याला एका नजरेत सांगते.

सहाचा डबल रोल!
सहा क्वेव्हर, म्हणजे 1/8च्या नोट्स, घ्या. 2-2-2 जोडले की झालं 3/4, वॉल्ट्झचा झोका! तेच 3-3 जोडले की 6/8. म्हणजे आपला दादराच की! नोट्स त्याच, वेळ तेवढाच. रेघ सरकली आणि वजन बदललं.

चंद्रकोरीची कमाल
माहीत आहे का, आपल्याकडेही बीमची बहीण आहे? भातखंडे लिपीत एका मात्रेत दोन-चार स्वर बसवायचे असले, की त्यांच्याखाली चंद्रकोर काढतात. पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) पेशाने वकील! त्यांची सहा भागांची ‘क्रमिक पुस्तकमालिका’ मूळची मराठीतली.

पलुसकरांचा वेगळा सूर
पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या लिपीत जोडाजोडीची गरजच नाही. प्रत्येक स्वराखाली त्याच्या वेळेची खूण! त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी 1932मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं.

आता गंमत बघा. भातखंड्यांचं शून्य म्हणजे तालातली ‘खाली’ (बिनटाळीची जागा), पलुसकरांचं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. भातखंड्यांची फुली म्हणजे सम (तालाची पहिली मात्रा), पलुसकरांची अधिक खूण म्हणजे खाली! वही उघडल्यावर आधी लिपी ओळखा, मग गा.

रूपकचं रूपच न्यारं
सात मात्रा, 3-2-2. आणि माहीत आहे का, रूपकमध्ये समेवर टाळी नाही, खाली असते! इथेच नोट्स लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा. 7/8 म्हटल्यावर त्यानं 2-2-3 अशी जोडणी केली, तर बेरीज बरोबर आणि ताल गायब. गणितात पास, गाण्यात नापास!

परदेशातले तालेवार
हंगेरीच्या बेला बार्टोकनं ‘मिक्रोकॉसमॉस’च्या शेवटी बल्गेरियन तालातले सहा नाच दिले. पहिल्याची मांडणी 4+2+3, सहाव्याची 3+3+2. जॅझवाल्या डेव्ह ब्रूबेकनं 1959मध्ये ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’मध्ये नऊचे 2+2+2+3 असे तुकडे केले. हा ताल त्यानं इस्तंबूलच्या रस्त्यावर वादकांकडून ऐकला होता!

वेस ओलांडू नका
4/4मध्ये चार क्वेव्हर एका बीमखाली खुशाल बसवा. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या मधली वेस ओलांडायची नाही. बारचा मध्य दिसला, की वाचणारा चुकत नाही.

एका नोटेला किती बीम?
क्वेव्हरला एक, सेमीक्वेव्हरला दोन. बीथोव्हेननं ‘पॅथेटिक’ सोनाटाच्या संथ सुरुवातीत थेट पाच बीमपर्यंत मजल मारली! आधुनिक रचनांत तर पंख्यासारखे उघडणारे बीमही सापडतात. रेघा फाकत गेल्या की वेग वाढवा, मिटत गेल्या की कमी करा.

गायकांची जुनी चाल
जुन्या छापील गाण्यांत प्रत्येक अक्षराची नोट सुटी असायची. एकाच अक्षरावर स्वर लांबला, तरच बीम. आता गाण्यातही ठोक्याप्रमाणे जोडायची पद्धत रुळली आहे. वाचायला कितीतरी सोपी!

सॉफ्टवेअरला ताल शिकवायची ट्रिक हवी?
म्यूझस्कोरमध्ये टाइम सिग्नेचरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बीम हवे तिथे तोडता येतात. डोरिकोमध्ये चौकटी कंसात 3+2+2 लिहून पुढे /8 जोडा. लिलीपाँडला ‘बीटस्ट्रक्चर’मध्ये 3,2,2 सांगा. रूपक हजर! नोट्स भरायच्या आधीच हे सेट करा, म्हणजे नंतर एकेक बीम सोडवत बसावं लागणार नाही.

हिंजवडीतल्या सॉफ्टवेअरवाल्यांनो, ऐकताय ना?
बेरजेवरून ताल कळत नाही, खंडांवरून कळतो. म्हणून 7/8, 10/8, 14/8च्या शेजारी मेनूत नावंही द्या: रूपक 3-2-2, झपताल 2-3-2-3, दीपचंदी 3-4-3-4. एक क्लिक, आणि बीम आपोआप तालात. घ्या मनावर, पुण्यातल्या शिकणाऱ्या पोरांचे कष्ट वाचतील!